परतीची मजुरी

लडाखहून परतले की पुढचा आठवडाभर आमच्या बोरिवलीच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. खिडकीच्या ग्रिलपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत दोऱ्या बांधलेल्या असतात, त्यांवर तंबूंचे आतले-बाहेरचे पडदे टाकलेले, पंखा दिवसरात्र चालू, आणि बाहेर ऑगस्टचा पाऊस. गच्चीवर वाळत घालायची सोय नसते, कारण ऊन कधी पडेल आणि किती मिनिटं टिकेल याचा भरवसा नसतो. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. इथे तेवढा एखाद्या रात्रीत होऊन जातो. २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटरची नोंद झाली होती, म्हणजे लेहच्या साधारण नऊ वर्षांचा पाऊस. इतक्या कोरड्या मुलखातून आलेला तंबू वाळवायचा कशाला, असं लोकांना वाटतं. पण शेवटच्या मुक्कामावर पहाटे दंव पडलेलं असतं, घाईत घडी घातलेली असते, आणि ती घडी आपल्या दमट हवेत तशीच राहिली तर दोन-तीन दिवसांत शिवणीवर बुरशीचे काळे ठिपके येतात. शिवणीची पट्टी एकदा सुटली की पुढच्या हंगामात त्या तंबूत झोपणारा माणूस भिजणार. हे मला दिसतं, म्हणून मला झोप लागत नाही.

मी एका छोट्या ट्रेकिंग संस्थेसाठी कॅम्प लीडर म्हणून काम करते. पावसाळ्यात इकडे सह्याद्री धुक्यात बुडालेला असतो तेव्हा आमचा हंगाम तिकडे, मार्खा खोऱ्यात. लेहच्या दक्षिणेला झांस्कर नदीला येऊन मिळणाऱ्या मार्खा नदीचं हे खोरं. १९८१ साली झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात ते येतं. चिलिंगला झांस्कर ओलांडायची, मग स्क्यू, मार्खा, हंकर अशी गावं घेत निमालिंगच्या उंच कुरणावर जायचं, तिथून ५,२०० मीटरच्या आसपास असलेली कोंगमारू ला ही खिंड चढायची आणि पलीकडच्या घळीतून खाली उतरायचं. सपाटीच्या वाटेवर आमचे पाहुणे घोड्यावर बसतात, चढउताराला पायी चालतात. तंबू, शिधा, रॉकेल, भांडी हे सगळं दुसऱ्या घोड्यांवर असतं.

हा प्रदेश वाळवंट आहे, पण वाळूचा नाही. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, कुठे तांबड्या, कुठे जांभळ्या, कुठे शेवाळी हिरव्या, आणि मध्ये नदीनं कापलेली चिंचोळी वाट. खिंडीपलीकडच्या घळीत तर काही ठिकाणी आभाळाची पट्टीच काय ती दिसते. गवताचं पातं नाही, झुडूप नाही. मग वळण संपतं आणि सातू नि वाटाण्याची दोन-चार शेतं, विलोची झाडं, पांढरी घरं असा हिरवा तुकडा समोर येतो. जिथे बर्फाचं पाणी पाटानं वळवता आलं तिथे गाव, बाकी सगळा दगड. आमचा मुक्कामही पाणी आणि गवत बघूनच पडतो. पाहुण्यांना डोंगराचं दृश्य कुठून चांगलं दिसेल हा विचार त्यानंतर. दिवसाचं वेळापत्रक नदी ठरवते. पहाटे प्रवाह कमी असतो. दुपारी ऊन चढलं की वरचं बर्फ वितळून तोच ओढा घोड्याच्या पोटाला लागतो. म्हणून पाण्यातून जायचं ते सकाळीच, कितीही गार लागलं तरी. दुपारी तीन वाजता पलीकडचा मुक्काम नुसता डोळ्यांना दिसत असला तरी तो आपला नसतो.

माझ्या कामाचं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार म्हणजे ताणकाटा. भंगारवाल्याकडे असतो तसा, आकड्याला वस्तू अडकवून वर धरायचा. घोड्यावर साधारण पन्नास-साठ किलो ओझं घालतात, आणि ते दोन्ही बाजूंना सारखं असावं लागतं. एका बाजूला तीन-चार किलो जास्त झाले तर पालाण सरकतं, तंग एका अंगाला काचतो, आणि संध्याकाळी पाठ सोलवटलेली असते. अशी पाठ बरी व्हायला कित्येक दिवस जातात आणि तेवढे दिवस तो घोडा कमावत नाही. आमच्याबरोबर येणारे घोडेवाले झांस्करचे आहेत. मी त्यांना आचोले म्हणते, म्हणजे दादाच. वयानं ते माझ्या वडिलांच्या जवळचे असतील, पण तिकडे असंच चालतं. मुक्कामाला पोचल्यावर सगळी माणसं पाण्याकडे किंवा चहाकडे धावतात. आचोले आधी ओझी उतरवतात, मग प्रत्येक घोड्याच्या पाठीवरून मानेपासून शेपटापर्यंत उघडा तळवा फिरवतात. कुठे ऊब जास्त लागली, कुठे कातडी थरथरली, की तिथे थांबतात. मग तोबऱ्यात चंदी. रात्री घोडे चरायला मोकळे सोडतात, आणि पहाटे अंधारात ते शोधायला वर डोंगरात जातात. गळ्यातल्या घंटांवरून कोणता घोडा कुठे आहे हे त्यांना कळतं. आपण साडेपाचला तंबूतून डोकं बाहेर काढतो तेव्हा त्यांचा दीड-दोन तासांचा दिवस होऊन गेलेला असतो.

यंदा हंकरच्या पुढे एका घोड्याची पुढच्या पायाची नाल निघाली आणि खुराला दगड लागून तो लंगडू लागला. आचोलेंकडे जादा नाल होती, खिळे होते. त्यांनी तिथेच पाय मांडीवर घेऊन नाल ठोकली, पण तळवा दुखावला होता. घोडा चालेल, ओझं घेणार नाही, असं त्यांनी सांगितलं. बाकीच्या घोड्यांवर आधीच पुरेपूर माल होता. निमालिंग ४,७०० मीटरच्या वर, चढ पुढे होता. मी सगळ्यांना खाली बसवलं आणि प्रत्येकाला आपली पिशवी उघडायला सांगितली.

त्या अर्ध्या तासाबद्दल मला सावकाश लिहायचं आहे, कारण कॅम्पच्या कामात असे प्रसंग क्वचित येतात. आधी कोणी बोललं नाही. मग एकेक वस्तू बाहेर यायला लागली. लोणच्याची भरलेली बरणी, जाड टर्किश टॉवेल, जीन्स, दोन-दोन पॉवर बँक, थेपल्यांचा अजून न फोडलेला डबा, शांपूची मोठी बाटली. प्रत्येक वस्तू निघताना तिचा मालक आधी तिच्याकडे आणि मग त्या घोड्याकडे बघत होता. कुणाला मी काही बोलले नाही, बोलायची गरजच पडली नाही. अंधेरीचे एक निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांच्या पिशवीच्या तळाला रुमालात बांधलेले दगड निघाले. वाटेत गोळा केलेले, जांभळे, हिरवे. त्यांनी ते नदीकाठी नेऊन एकेक करून ठेवले. शेवटचा हातात धरून त्यांनी आचोलेंकडे पाहिलं, आचोले हसून हो म्हणाले, आणि तो एक त्यांनी स्वतःच्या खिशात टाकला. घाटकोपरची एक मुलगी होती. आदल्या दिवशीच मला म्हणाली होती की मेट्रो स्टेशनपासून ऑफिसपर्यंत चालणं हाच तिचा रोजचा व्यायाम. तिनं आपली स्लीपिंग बॅग पाठीला बांधली आणि निमालिंगपर्यंत स्वतः वाहून नेली. दोघे स्वार घोड्यावरून उतरले, त्यांच्या घोड्यांवर शिधा चढला. खाण्याचं जे निघालं ते आम्ही वरच्या पॅराशूट-तंबूत चहा विकणाऱ्या बाईंना दिलं. तिकडे जुन्या पॅराशूटच्या कापडाचा तंबू ठोकून गावातल्या बायका उन्हाळाभर चहा-मॅगीची दुकानं चालवतात. बाकीचं सामान सगळ्यांनी आपापल्या पाठीवर वाटून घेतलं.

आपली गरज किती किलोची आहे हे शहरात कुणाला कळायचा संभव नाही. आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी गच्चीवर आहे, ती कोण भरतं हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. सिलिंडर चौथ्या मजल्यावर येतो, खांद्यावरून येतो, पण आणणारा दार वाजवून दोन मिनिटांत जातो. तिकडे ओझं वाहणारा दिवसभर तुमच्या पुढे चालत असतो. त्याचा श्वास ऐकू येतो, खिंडीच्या शेवटच्या चढावर तो दर वीस पावलांनी थांबतो, तेव्हा तुम्हीही थांबता. मला माझ्या पाहुण्यांना काही शिकवायचं असतं तर ते एवढंच, आणि ते मी शिकवत नाही, घोडा शिकवतो.

शेवटच्या मुक्कामावर, शांग सुम्दोच्या ओढ्याकाठी, हिशेब होतो. गाड्या आलेल्या असतात, लोक फोनला रेंज शोधत असतात. मी वही काढते. तिकडे घोड्यांचं भाडं ठरवताना जाण्याच्या दिवसांबरोबर परतीचे दिवसही धरतात. घोडा इथे सोडून आचोले विमानानं घरी जाणार नसतात. आम्ही ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं, तीच खिंड पुन्हा चढून, रिकाम्या घोड्यांबरोबर त्यांना घर गाठायचं असतं. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, रिकाम्या घोड्याचे पैसे कशाला? विचारणारा माणूस वाईट नसतो. टॅक्सीवाल्यानं परतीचं भाडं मागितलं तरी आपण असंच विचारतो. आमच्या कार्यालयातही अंदाजपत्रकातल्या या ओळीवर दर हंगामात कुणाची तरी पेन्सिल फिरते. माझं म्हणणं ठाम आहे. परत जाताना घोडा खातो, त्याची नाल झिजते, माणूस थंडीत झोपतो, नदी तितकीच गार असते. पाठीवर ओझं नसलं म्हणून दिवस मोजायचा नाही, हे मला मान्य नाही.

आमचा परतीचा प्रवास मात्र भराभर होतो. लेह ते मनाली, पूर्वी रोहतांगच्या रांगेत अडकायला व्हायचं, आता ३ ऑक्टोबर २०२० पासून ९ किलोमीटरचा अटल बोगदा आहे. पुढे अंबाला आणि अंबाल्याहून पश्चिम एक्स्प्रेस, कारण तंबूंची गाठोडी विमानात परवडत नाहीत. आणि ही गाडी बोरिवलीला थांबते, तेवढा एक जीव वाचतो. सुरतेच्या पुढे हवा जड व्हायला लागते. आठवडाभर फुटलेले ओठ वापीपर्यंत मऊ झालेले असतात. वैतरणेच्या पुलावर पाणीच पाणी, दोन्हीकडे खाडी, हिरवं इतकं की डोळे मिटावेसे वाटतात. बोरिवलीला हमाल नाही मिळाला तर नवरा येतो, मुलगी येते, आणि जिन्यावरून गाठोडी चढवताना मला आपोआप दोन्ही हातांत सारखं वजन घ्यायची सवय लागलेली असते.

घरी माझे सासरे, आबा, पहिला प्रश्न विचारतात तो माणसांबद्दल नसतो. "घोडी धडधाकट आली का गं?" ते फलटणकडचे. लहानपणी त्यांच्या रानात धनगरांचे वाडे उतरायचे. दिवाळीनंतर कळप कोकणाकडे निघायचे, मृगाच्या आधी माघारी यायचे. शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंड्यांचं खत व्हायचं, बदल्यात धान्य मिळायचं. वाड्याचा सगळा संसार घोड्यांवर असायचा, भांडी, घोंगड्या, वाघर, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू. ही भीमथडीची बुटकी, चिवट घोडी. मराठ्यांच्या फौजांनी दख्खन पालथं घातलं ते अशाच घोड्यांवर. अलीकडे तिची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद झाली तेव्हा आबांनी ती बातमी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. यंदा लंगड्या घोड्याची गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमचे वडील माघारी जाणाऱ्या घोड्यांना कडबा टाकायचे. जाताना आलेल्यांना धान्य मोजून, पण माघारी चाललेल्यांना वैरण न मोजता. लांबून आलेलं जनावर असतं ते." एवढं बोलून त्यांनी दोरीवरच्या तंबूच्या पडद्याची बाजू पलटली. दुसऱ्या अंगाला अजून ओल होती, ती त्यांच्या आधी लक्षात आली.

आठवडाभर हे काम चालतं. शिवणी तपासायच्या, तुटलेल्या दोऱ्या बदलायच्या, स्टोव्हचे पिन साफ करायचे, प्रथमोपचाराच्या पेटीतली मुदत संपत आलेली औषधं वेगळी काढायची, प्रत्येक खुंटी मोजून पिशवीत घालायची. दहा तंबूंमागे दोन-चार खुंट्या कमी भरतातच, त्या कुठल्यातरी मुक्कामावर मातीत राहिलेल्या असतात. रात्री झोपेत घंटा ऐकू येत नाही म्हणून जाग येते. उंचीवर वाढलेलं रक्त उतरायला वेळ लागतो, तोवर पहिल्या दोन-तीन दिवसांत जिना चढताना धाप लागत नाही, अंगात नको इतका जोर असतो, आणि मनात मात्र कशालाच घाई नसते. बँकेत, बाजारात माझी पावलं लोकांच्या मागे पडतात. ऑफिसला निघालेल्या गर्दीत स्टेशनच्या पुलावर मी कडेला उभी राहते आणि गर्दीला आधी जाऊ देते.

सामान वाळलं की मी कान्हेरीच्या लेण्यांना जाते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारातून आत, पावसात. शंभराहून जास्त लेणी एका घळीच्या दोन्ही अंगांना खोदलेली आहेत, आणि पावसाळ्यात त्या घळीतून ओढा धावत असतो. हजारेक वर्षं इथे भिक्षूंची वस्ती होती. लडाखमध्ये गोम्पा बघून आल्यावर इथे आलं की काही सांगावं लागत नाही, तेच लोक, तोच मार्ग, फक्त खडक वेगळा. पण मी बघते ती इथली पाण्याची व्यवस्था. जवळपास प्रत्येक लेण्याच्या अंगणात कोरलेली पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, आहे, डोंगरउतारावर पाणी वळवणाऱ्या पन्हळी आहेत. ब्राह्मी शिलालेखांत कल्याण, सोपारा अशा गावांच्या दात्यांची नावं आहेत, आणि त्यांनी जे दिलं त्यात पाण्याची पोढीही आहे. चार महिने एवढा पाऊस पडणाऱ्या डोंगरात त्यांनी उरलेल्या आठ महिन्यांसाठी दगडात जागा केली. मार्खाच्या पाटांवर गावकऱ्यांची पाळी ठरलेली असते, कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, हे सगळे जाणतात. दोन्हीकडे पाण्याला कुणीतरी हात लावलेला आहे.

कान्हेरीचा खडक ज्वालामुखीचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांच्या काळातला. तेव्हा आपली भूमी आशियाला भिडायची होती, उत्तरेकडे सरकत होती. ती भिडली तेव्हा मधला समुद्र आटला, गाळ वर उचलला गेला, आणि सिंधूच्या सांध्यात ते जांभळे-हिरवे थर तयार झाले, ज्यांचा एक तुकडा अंधेरीच्या एका घरी आता खिडकीत असेल. त्या काकांनी मला फोटो पाठवला होता.

या सगळ्या दिवसांत वही उघडीच असते. मी चार-पाच दिवसांत घरी पोचते, आचोले पोचायला त्याहून जास्त दिवस लागतात, आणि त्यांचा फोन येईपर्यंत मी हिशेब बंद करत नाही. यंदा फोन उशिरा आला. घोडा आता नीट चालतोय, ते म्हणाले, नवी नाल बसवली. सातूची कापणी सुरू झाली आहे. मुलगा टॅक्सी चालवतो, नव्या रस्त्यावर. निम्मू ते पदुम ते दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता २०२४ च्या मार्चमध्ये जोडला गेला. दारचा ते पदुम हा एकेकाळी घोड्यांच्या ट्रेकचा मोठा मार्ग होता. आता तिथे गाड्या जातात. हिवाळ्यात आजारी माणसाला बाहेर काढता येईल, मुलांना शाळेला जाता येईल, आचोलेंना या रस्त्याचा आनंद आहे, आणि तो आनंद खरा आहे हे आवाजातच कळतं. घोडे मात्र कमी करावे लागतील, तेही ते सांगतात. चार महिन्यांच्या कमाईवर आठ महिने चारा पुरवायचा तर चार महिने काम लागतं. मार्खा खोऱ्यातही आता आतपर्यंत गाडी जाते, म्हणजे घोड्यांचे दिवस तिथेही कमी झाले.

माझ्या कार्यालयात पुढच्या वर्षी अर्धी वाट जीपनं करायचा विचार चालू आहे. पाहुण्यांचे दोन दिवस वाचतील, खर्चही. मी माझं म्हणणं लिहून दिलं आहे. जिथे रस्ता आहे तिथे जीप घ्या, पण हंकर ते शांग सुम्दो घोडेच राहू द्या, आणि त्यांच्या परतीचे दिवस पूर्ण धरा. त्याच पानावर मी आणखी एक ओळ घातली आहे, आमच्या माणसांनी घरी सामान वाळवण्याचे, दुरुस्तीचे दिवस. आजवर ते कुणी धरले नव्हते. उत्तर यायचं आहे.

फोन ठेवण्याआधी आचोलेंनी तारीख विचारली. मी म्हटलं, जुलैचा दुसरा आठवडा. ते म्हणाले, दुसरा नको, तिसरा धर, तोवर निमालिंगला गवत चांगलं वर आलेलं असतं. मी तिसरा आठवडा लिहिला आणि कार्यालयाला तसं कळवलं.